शेवटचा शब्द सांगायचा नाही

नाटक बघायला येणाऱ्यांना माझं तोंड कधी दिसत नाही, आणि दिसलंच तर समजायचं की माझं काम बिघडलं. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटा टॉर्च. नटाची जीभ अडली की पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत असं सोडायचं की पहिल्या रांगेतल्या माणसालाही पत्ता लागू नये. बेचाळीस वर्षं हेच केलं. मंडळीत मला कुजबुजबाई म्हणतात. हे तोंडावर म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते विचारायला मी कधी गेले नाही.

दादा माझा थोरला भाऊ, आणि आमच्या मंडळीतला सगळ्यात मोठा नट. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांना मूलबाळ नाही. माझं लग्न दोन वर्षांत आटोपलं, त्याबद्दल मी बोलत नाही. तेव्हा दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघंच, सकाळपासून एकमेकांशी भांडत. वर्तमानपत्र आधी कुणी उघडायचं इथपासून सुरुवात. भांडण संपलं की तो म्हणायचा, "चिमणे, चहा टाक." म्हाताऱ्या बाईला चिमणे म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

तो चौऱ्याहत्तरचा असताना मंडळीनं नवं नाटक घेतलं. नाव ‘आणखी’. एका म्हाताऱ्याला शास्त्रज्ञ एकशेचाळीस वर्षं जगवतात. मुलगा म्हातारा होऊन मरतो, नातू उशाशी बसून बसून पांढरा होतो, अख्ख्या घराचं आयुष्य ह्या एका माणसाचा श्वास चालू ठेवण्यात जातं. प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी नर्स सुई घेऊन येते आणि विचारते, "आणखी?" म्हातारा म्हणतो, "आणखी." शेवटच्या प्रवेशात मात्र तो बराच वेळ गप्प बसतो, आणि म्हणतो, "पुरे." दिवा जातो. नाटक संपतं.

त्या गप्प बसण्यावर आमच्या दिग्दर्शकानं तालमीचे चार दिवस घालवले. आम्ही त्याला हेडमास्तर म्हणतो, कारण पट्टी हातात नसली तरी ती आहे असंच वाटतं. "अकरा आकडे," तो ओरडायचा. "दहाला बोललात तर घाई, बाराला बोललात तर लोक खोकायला लागतील!" दादा बरोबर अकराला बोलायचा. मी विंगेत बोटांवर मोजायचे, कारण प्रॉम्प्टरची खरी अक्कल वाक्य सांगण्यात नसते. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखण्यात असते. मुद्दाम थांबलेल्या नटाला वाक्य सांगितलं की तो आयुष्यभर माफ करत नाही.

तालमी ऐन रंगात आल्या आणि दादा एक दिवस जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला तो उठेचना. ओठ निळे. तपासण्या झाल्या. हृदय झिजलंय, स्टेज सोडलं तर वर्ष काढतील, नाही सोडलं तर काही सांगता येत नाही. दादा मात्र हेडमास्तरला सांगून आला की पाठीत उसण भरलीये.

मग कुणीतरी त्या संशोधन संस्थेचं सुचवलं. तिथे नवं औषध निघालं होतं, दर आठवड्याला एक इंजेक्शन, झिजलेलं हृदय पुन्हा भरून येतं, माणूस पुढे कितीही वर्षं जगू शकतो म्हणे. डॉक्टरीणबाई सरळ होत्या, त्यांनी काही लपवलं नाही. काहीजणांची स्मरणशक्ती जाते, गेली की परत येत नाही. आणि औषध मध्येच बंद केलं तर आठवड्याभरात हृदय थांबतं.

"अरे, स्टेजवर ह्याच औषधाला शिव्या घालतोस आणि इथे येऊन दंड पुढे करतोस?" मी म्हटलं.

"भूमिकेचा अभ्यास नको का करायला?" तो हसून म्हणाला.

पण घरी आल्यावर तो हसत नव्हता. मला समोर बसवलं. "चिमणे, आठवण जायला लागली तर सगळ्यात आधी तुला कळेल. मधली वाक्यं कितीही सांग, ती मी पंचविशीतसुद्धा खायचो. पण शेवटचा शब्द सांगायचा नाही. एकच शब्द आहे. तो ज्या दिवशी मला आला नाही, त्या दिवशी मला तसं सांगायचं. इंजेक्शन बंद करायचं की नाही ते मी ठरवीन, आणि मी बंदच करीन. मेलेलं मला चालेल. डोक्यात भुसा भरून खुर्चीत मांडून ठेवलेलं नाही चालणार."

"बरं."

"बरं नको. शब्द दे."

दिला. त्या वेळी मनापासून दिला, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

संस्थेत दर आठवड्याला घरच्या माणसानं एक फॉर्म भरायचा असे. त्यात एक रकाना होता, रुग्णाला ठरलेला मजकूर मदतीशिवाय आठवतो का. दादानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझा मजकूर म्हणजे तो शेवटचा शब्द. त्यांना ते फार आवडलं. त्या त्यांच्या आईला घेऊन नाटकाला आल्या, आणि रडून गेल्या.

औषधानं कमाल केली हे कबूल करायलाच हवं. दोन महिन्यांत दादा जिना धावत चढायला लागला. गालांवर रंग आला. मेकअपमनची कटकट सुरू झाली, एकशेचाळीस वर्षांचा म्हातारा करायचा तर ह्यांना रोज जास्तच सुरकुत्या काढाव्या लागतात. प्रयोग भरून जायला लागले. मी इतकी खुशीत होते की महिनाभर वर्तमानपत्र त्याला आधी दिलं.

मग किल्ल्या हरवायला लागल्या. चहात दोनदा साखर. मला वहिनीच्या नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली, कारण ती चूक दुरुस्त करायची मला भीती वाटली. स्टेजवर पहिल्या अंकातली लांबलचक भाषणं गळायला लागली. मी सांगत गेले, तो झेलत गेला. आम्ही दोघं ह्यात इतके मुरलेले की बाकीच्यांना वासही लागला नाही. शेवटचा शब्द मात्र येत होता. अकराऐवजी बाराला आला. मग तेराला. हेडमास्तर चिडला, मग म्हणाला, छान वाटतं, राहू दे.

तिसाव्या प्रयोगाला मी अकरा मोजले. तेरा मोजले. पंधरा. दादा खुर्चीत बसून समोर बघत होता, आणि बेचाळीस वर्षांच्या अनुभवानं मला कळलं की हा थांबलेला नाही. ह्याच्या डोक्यात तिथे काही नाही. सतरा. प्रेक्षागृहात कुणी खोकलं. नर्सचं काम करणारी मुलगी सुई धरून घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

मी गप्प बसायचं होतं. तेवढंच काम होतं माझं. पण मला तो मरायला नको होता हो! ह्यात दुसरं काही शोधू नका. मला घरी जाऊन भांडायला माणूस हवा होता. मी म्हटलं, "पुरे."

"पुरे," दादा म्हणाला. दिवा गेला, टाळ्यांनी छप्पर उडालं.

मेकअपरूममध्ये त्यानं तोंड पुसतापुसता आरशातून विचारलं, "चिमणे, शेवटचा शब्द मीच म्हटला ना?"

"मग काय भूत म्हणणार?"

"तसं नाही. मला आठवत नाही, म्हणून विचारलं."

"तूच म्हटलास."

त्यानं मान हलवली आणि टॉवेल वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी फॉर्मवर मी ‘होय’ लिहिलं. 

पुढचे सव्वीस प्रयोग असेच. आता तो शोधायचाही नाही, ती शांतता आली की हळूच विंगेकडे झुकायचा आणि मी द्यायची वाट बघायचा. ते झुकणं लोकांना इतकं आवडलं की एका परीक्षणात लिहून आलं, मृत्यूकडे झुकणारा देह म्हणून. हेडमास्तरनं ते कापून बोर्डावर लावलं. मी वाचलं, आणि त्या दिवसापासून बोर्डाकडे न बघता विंगेत जायचे.

शेवटी मधल्या वाक्यांचाही ताळमेळ राहिना, तेव्हा मंडळीनं दुसरा नट घेतला. दादाला घरी आणलं. मग घरातही तेच. तो टेबलाशी बसून माझ्याकडे झुकायचा. मी म्हणायचे, "भूक लागली." तो म्हणायचा, "भूक लागली." मी वाढायचे. "झोप आली." "झोप आली." नाडी घोड्यासारखी, पाय कणखर, आणि तोंडात माझ्याशिवाय शब्द नाही. आणि मी फॉर्मवर ‘होय’ लिहितच होते, कारण आता ‘नाही’ लिहायचं तर आधीचं सगळं उघडं पडणार होतं.

एका सकाळी मात्र त्याला स्वतःहून बोलता आलं. मी चहा ठेवला, तर तो फार आदबीनं म्हणाला, "तुमची उगाच धावपळ होतेय. माझी बहीण आली की करील. ती प्रॉम्प्टर आहे. तिनं मला एक शब्द दिलाय, त्यामुळे मला काळजी नाही. ती खोटं बोलायची नाही."

"कुठे गेलीये ती?" मी विचारलं.

"येईल," तो म्हणाला, आणि पुन्हा मिटला. त्यानंतर तो स्वतःहून बोललेला नाही.

त्याच दिवशी मी त्याचा हात धरून संस्थेत गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. तिसावा प्रयोग, सतरा आकडे, फॉर्म, सगळं. म्हटलं, बंद करा, त्याची तीच इच्छा होती. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा काढला. पानामागून पान माझ्याच अक्षरात ‘होय’.

"अहो, आठवण गेली म्हणून आम्ही आपणहून बंद करू शकत नाही," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, त्यानं जास्तच लागलं. "बंद करणं म्हणजे मरण. ते रुग्णानं स्वतः सांगावं लागतं. हा रकाना त्याचसाठी होता. पहिल्यांदा विसरले तेव्हा तुम्ही ‘नाही’ लिहिलं असतंत तर मी त्यांना त्याच आठवड्यात विचारलं असतं. तेव्हा त्यांच्याकडे शब्द होते."

"आता विचारा," मी म्हटलं. "माझ्यासमोर विचारा."

त्यांनी नर्सला साक्षीला बोलावलं. खुर्ची ओढून दादासमोर बसल्या. "पुढचं इंजेक्शन द्यायचं का? तुमची काय इच्छा आहे?"

दादा नेहमीसारखा हळूच माझ्याकडे झुकला. मी आयुष्यात इतक्या नटांना इतकी वाक्यं दिली, पण असं जिवावर आलं नव्हतं. ओठ न हलवता, जमेल तितक्या हळू, मी शब्द दिला.

त्यानं हनुवटी वर केली. पाठ ताठ झाली. "पुरे," तो म्हणाला, आणि तो आवाज त्या छोट्या खोलीत असा भरला की नर्सच्या हातातला ट्रे थरथरला. मग त्यानं डोळे मिटले आणि दिवा जायची वाट बघत बसला.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय म्हणतात हो! अगदी त्या दिवशीसारखं. माझी आई अजून सांगते सगळ्यांना." मग चष्मा घातला. "पण हे मला धरता येणार नाही. हे नाटकातलं वाक्य आहे. आणि तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या."

"दादा," मी त्याचे गुडघे धरले. मला हुंदका आवरेना. "दादा, सांग ना रे."

त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे झुकला, आणि हुंदक्यासकट म्हणाला, "दादा, सांग ना रे."

नर्सनं त्याची बाही वर सारली, कापूस फिरवला, सुई टोचली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं. हृदय उत्तम आहे म्हणाल्या, वीस-पंचवीस वर्षं सहज जातील, तुम्ही तुमच्या साखरेकडे लक्ष द्या. मी अडुसष्ट वर्षांची आहे. माझ्यामागे ह्याला भूक लागली हे कोण सांगणार, ते मी त्यांना विचारलं नाही.

बाही खाली केली. दोघी त्याच्याकडे बघत होत्या, निघताना पेशंट काहीतरी बोलतो तसं, आणि तो माझ्याकडे. काहीतरी द्यायलाच हवं होतं.

"आभारी आहे," मी म्हटलं.

"आभारी आहे," दादा म्हणाला.