पाचवी हाक

पुंजारामने कंटेनरच्या दारांना दोर अडकवला, बाजूला सरून उजवं दार वीतभर उघडलं आणि आत डोकावला. गोणी दारावर रेललेल्या नव्हत्या. मग दोर सोडून त्याने दोन्ही दारं सताड उघडली आणि आपल्या चार माणसांना घेऊन तो झाडाखाली जाऊन बसला.

"बघा, आता अर्धा तास बसतील," व्यवस्थापक भाग्येश रूपालीला म्हणाला. "सोमवारपासून दुसरी टोळी आणतो. तुम्ही खरे नियम तेवढे शोधून द्या, भिंतीवर लावू."

तारापूरच्या या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून रूपालीला महिनाच झाला होता. पण शोधण्यात आपला हात धरणारं कोणी नाही, याची तिला खात्री होती. जेवणाच्या सुट्टीआधी तिने कंटेनर भरण्या-उतरवण्याची पुस्तिका शोधून काढली आणि वाचायला घेतली. दारासमोर उभं राहू नये. माल अंगावर येऊ नये म्हणून दाराला पट्टा बांधावा. कीड मारण्यासाठी आत विषारी धुरी दिलेली असू शकते, म्हणून आधी हवा खेळू द्यावी. तिने खिडकीतून झाडाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. पुंजारामकडे नव्हतं ते फक्त हवा तपासायचं यंत्र, ते तिने लगेच मागणीपत्रात लिहिलं.

भाग्येशने पुस्तिकेतलं ते पान दोनदा वाचलं.

"म्हणजे हे लोक..."

"नियमानेच बसतात, सर."

त्याने पुस्तिका परत दिली. सोमवारच्या दुसऱ्या टोळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुपारी कंटेनर रिकामा झाला. ड्रायव्हर घाई करत होता, तरी पुंजाराम दाराशी उभा राहून हाका मारू लागला. एकनाथ, लाडकी, इंदुबाई, विजया. चौघांनी बाहेरून ओ दिली. मग तो आत तोंड करून मोठ्याने म्हणाला, "चिंतू!"

कोणीच ओ दिली नाही. त्याने थोडं थांबून दार लावलं.

"चिंतू कोण, दादा?" रूपालीने विचारलं.

"भाव माझा. जेवून सावलीला आत निजला. आमाला वाटलं, घरी गेला. दार लावलं नि गाडी गेली बंदरावर. दुसऱ्या दिशी सापडला."

रूपालीने बंद दाराकडे पाहिलं.

"जिता हाय, बाय. शेती करतो. पन घरात निजत नाय, पावसातबी ओट्यावरच."

"मग त्याला हाक कशाला?"

"त्या दिशी कोनी मारली नव्हती." त्याने दोर गुंडाळला. "तुमच्या कागदात हाय का हे?"

"नाही," ती म्हणाली. आपल्याला सगळं सापडलं, असं सकाळी वाटलं होतं, याची तिला लाज वाटली.

फलक तिने मराठीत लिहिला, शेजारी चित्रं काढून घेतली. शेवटची ओळ पुस्तिकेतली नव्हती: दार लावण्यापूर्वी प्रत्येकाला नावाने हाक मारावी. शेवटची हाक चिंतूला.

"या ओळीबद्दल तपासणीत विचारतील," चिंतूची हकीकत ऐकल्यावर भाग्येश म्हणाला.

"सांगेन मी."

सोमवारी तीच टोळी आली. कंटेनर रिकामा झाला तेव्हा पुंजाराम चौघांना घेऊन नळावर हातपाय धूत होता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि दार लावायला खाली उतरला.

"थांब," भाग्येश म्हणाला.

नळावरची पाच डोकी त्याने मोजली, रिकाम्या कंटेनरपाशी गेला आणि जरा संकोचून आत हाक मारली, "चिंतू!"

नळावर पुंजारामने पाणी बंद केलं. भाग्येश क्षणभर थांबला. मग त्याने दार लावलं.