मीठ सोडलेला कुल्फीचा माठ

मी कुल्फीचा माठ बोलतो आहे. हसू नका. माठाला बोलता येत नाही असं वाटत असेल, तर तुम्ही भर उन्हाळ्यात माठाजवळ कधी गुमान बसलाच नाहीत.

चंद्रपूरच्या कुंभाराने मला साध्या पाण्यासाठी घडवलं होतं. पण बाजारात बाबूभाईने मला बोटाने वाजवून पाहिलं, कान लावला आणि उचललं. लाल कापड गुंडाळून हातगाडीवर बसवलं. माझ्या पोटात बर्फ, बर्फावर खडे मीठ आणि त्यात कुल्फीचे टिनाचे साचे. मग तो मला दोन्ही हातांनी असा हलवायचा, की वाटावं रडकं लेकरू निजवतोय. मीठ पडलं की बर्फ आणखी चेकाळतो आणि दुधाचा दगड होतो. आठ उन्हाळे हेच केलं. गार ठेवणं म्हणजे गोठवणं, अशी माझी समजूत झाली. बाबूभाईचीही तीच.

चौऱ्याऐंशी साली त्याने जुनी जीप घेतली आणि चंद्रपूर ते मुलचेरा सवाऱ्या नेऊ लागला. मी अंगणात पडलो. त्याच्या बायकोने, खातूनभाभीने, माझ्यात कांदे ठेवले. मग एक कोंबडी आली, कांद्यांवरच अंडी घालू लागली आणि मलाच डोळे वटारू लागली. मी तिला काय म्हणणार!

मुलचेऱ्याकडे गिरजाबाई राहायची. सुईण होती. बाबूभाईच्या बहिणीचं अडलेलं बाळंतपण तिनेच सोडवलेलं. तिला साखरेचा आजार जडला. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागे आणि बाटल्या चंद्रपूरहूनच याव्या लागत. एकदा मे महिन्यात बसमधून आलेलं औषध तापून वाया गेलं आणि बाई आठ दिवस अंथरुणाला खिळली. तेव्हा बाबूभाई म्हणाला, यापुढे औषध मीच आणीन.

औषधाच्या दुकानदाराने त्याला बजावलं होतं की गार ठेवा, पण माठातल्या पाण्याइतकंच. बाबूभाईने अर्धंच ऐकलं. घरी येऊन कोंबडीला हाकललं, मला धुतलं, बर्फ फोडून भरला. आणि मग त्याचा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. खरं सांगतो, मलाही आनंदच झाला. बऱ्याच वर्षांनी कामावर निघालो होतो. दोन बाटल्या पोटात घेतल्या आणि चार तास जीव लावून थंडी धरली.

मुलचेऱ्याला गिरजाबाईच्या ओसरीवर दवाखान्याचा कंपाउंडर देवाजी आधीच येऊन बसला होता. त्याने बाटली काढली, आडवी केली. आत काहीच हललं नाही.

गिरजाबाईने वाकून पाहिलं. "जयभीम, बाबूभाई. याले कुल्फीची काडी लावाची राह्यली न."

सगळे हसले. देवाजी नाही हसला. तो म्हणाला, "बाई, हे गेलं. वितळलं तरी कामाचं नाई." जुन्या बाटलीत तीन दिवसांचं औषध उरलं होतं.

बाईने जुनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "गावातल्या वारलूची सून या आठवड्यात मोकळी व्हाची हाये. पहिलं मूल पोटात आडवं होतं तिचं. मले तोपर्यंत उभी ठेव, बाबूभाई."

परतीच्या वाटेवर बाबूभाईने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

घरी खातूनभाभीने सगळं ऐकलं आणि त्याच्याकडे न पाहता मला विहिरीवर नेलं. पाणी भरायची, थांबायची, चव घ्यायची, खारट म्हणून थुंकायची, ओतून द्यायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत तेच. सहाव्यांदा तिने तोंड वाकडं केलं नाही. माझ्या अंगातली मिठाने बुजलेली भोकं मोकळी झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बाहेरून घाम फुटला. मी तर घाबरलोच. ती मात्र खूश झाली.

नव्या बाटल्या झाकणाच्या डबीत घालून, डबी दोरीने माझ्या पाण्यात सोडली. बाहेरून ओलं तरट गुंडाळलं. आणि भाभी स्वतः मला मांडीशी धरून जीपमध्ये बसली. नवऱ्याचा भरवसा तिला तेव्हा कोंबडीइतकाही नव्हता.

बल्लारपूरला बर्फवाला दिसला. जीप आपोआप हळू झाली. भाभी एवढंच म्हणाली, "आगे देखो."

गोंडपिपरीच्या पुढे सवाऱ्यांची नजर माझ्यावर पडली. बाहेर नुसती आग. एका म्हाताऱ्याने पाणी मागितलं. तहानलेल्याला नाही कसं म्हणायचं? त्याला दिलं, तर बाकीच्यांनीही ओंजळी पुढे केल्या. मी अर्धा झालो, तरट वाळलं, डबी पाण्याबाहेर उघडी पडली. बाबूभाई आरशातून पाहत होता. त्याच्या कपाळावर माझ्याहून जास्त घाम होता.

आष्टीच्या बोरिंगशी भाभीने जीप थांबवायला लावली आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

"जो पिया, वो भरेगा."

म्हाताऱ्यानेच आधी दांडा धरला. कुणी कळशीने माझं पोट भरलं, कुणी तरट भिजवलं. पुढे मुलचेऱ्यापर्यंत जो पाणी प्यायला, तो आपणहून उतरून भरू लागला.

देवाजीने बाटली काढली, आडवी केली. औषध इकडून तिकडे गेलं. त्याने सुई भरली. बाबूभाई जीपच्या आडोशाला जाऊन उगाच टायर दाबत बसला.

मला तिथेच ठेवून घेतलं. आता गिरजाबाईच्या ओसरीवर, सावलीत उभा आहे. गळ्याचा एक टवका उडालाय. बाबूभाई येतो, बर्फाचा विषयही काढत नाही. तुमच्याकडेही असं औषध जपणारा माठ असला, तर त्याला रोज पाणी घाला, तरट ओलं ठेवा. आणि लाडाने त्याच्या पोटात काही जास्तीचं घालू नका.

औषध पोचलं त्याच्या सहाव्या दिवशी वारलू बोलवायला आला आणि बाई चालत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती थेट माझ्याकडे. पदराला हात पुसले, बाळंतिणीच्या पोटावर ठेवते तसा तळहात माझ्या पोटावर ठेवला.

"पोरगी झाली," मला म्हणाली. मग ओला तळहात पाहिला. "घाम येऊन राह्यला तुले. म्हणजे बरं चालू हाये."