सगळ्यांसाठी एकच फाईल

आमच्या लॅबमध्ये कुणाचा कॉम्प्युटर बदलला की फोन मला. "अगं, तो सर्व्हरचा पत्ता काय? आणि पुढचे ते आकडे?" पेशंटचे रिपोर्ट ज्या डेटाबेसमध्ये असतात, त्याला जोडून घ्यायचा खटाटोप सगळ्यांना माझ्याच तोंडून हवा. बाळंतपणाच्या रजेतही सुटका नव्हती.

रजा संपताना साहेबांना म्हटलं, रोज दुपारनंतर येऊ द्या, लेक अजून अंगावर पितेय. ते म्हणाले, "सोमवारी सकाळी न येऊन बघा. तुमच्यावाचून काम अडलं नाही, तर विचार करू."

म्हणून मी एक फाईल केली. पत्ता, आकडे, सगळं आधीच भरलेलं. ती सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात ठेवली. प्रत्येकीचा प्रोग्राम उघडताना तीच वाचणार. मग समोर येणाऱ्या यादीतल्या 'खरं काम'वर टिचकी मारायची नि आपला पासवर्ड टाकायचा. बस. खाली 'सराव' म्हणूनही एक ठेवलं, नवशिक्यांना धुडगूस घालायला.

सोमवारी लेकीला पाजलं, थोपटलं, ती झोपली. फोन गप्प. मी खुशीत. मग तो जरा जास्तच गप्प वाटायला लागला. एवढ्या बायका आणि एकही तक्रार नाही? मीच लॅबमध्ये फोन लावला.

"उठलं का पिल्लू?" काकूंनी आधी तेच विचारलं. काकू आमच्यातल्या सर्वांत जुन्या. कॉम्प्युटरला 'सवत' म्हणतात.

"झोपलंय. तुमचं चाललंय ना?"

"कसलं चालतंय! सगळ्यांचाच पासवर्ड चुकीचा म्हणतेय मेली."

"मग फोन नाही का करायचा?"

"आणि लेकराची झोपमोड कोण करणार? ठरलंय आमचं, ती उठेपर्यंत तुला फोन नाही. साहेब दोनदा डोकावून गेले. आम्ही आपल्या नळ्या लावत बसलोय."

मी झोपलेल्या लेकीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, पासवर्डच्या वर नाव कुणाचं दिसतंय?"

"तुझंच की. आम्हाला वाटलं, तू केलंस म्हणून सही केली असशील."

फाईल माझ्याच मशीनवरून उचललेली. माझं नावही तिच्याबरोबर घरोघर पोचलं होतं. माझ्या नावाला त्यांचे पासवर्ड कसे चालणार?

"ती फाईल उघडा, माझं नाव खोडा, जागा मोकळी सोडा आणि सेव्ह करा. मग प्रोग्राम परत उघडून तिथे तुमचं नाव घाला."

"मी? बिघडलं म्हणजे?"

"बिघडलेलंच आहे. आणखी किती बिघडवाल?"

कळा दाबल्याचे आवाज. पुटपुटणं. मग एकदम, "उघडलं गं! ए पोरींनो, बंद करून परत उघडा. आपापलं नाव घाला!"

मागे गलका उडाला. त्यातून साहेबांचा आवाज आला, "काय झालं? त्या आल्या का?"

"कशाला येतील? मी केलं दुरुस्त."

साहेबांचा आवाज आता जवळून आला.

"बरं, सांगा त्यांना. दुपारनंतर आल्या तरी चालेल. रोज."

"ऐकलंस ना?" काकू फोनमध्ये म्हणाल्या. "आता ठेव आणि चार घास खाऊन घे. उपाशी राहिलीस तर दूध कुठून येणार?"