तांब्याचे कडे आणि चाळीस वॉट

सुज्ञ वाचकहो, विस्कॉन्सिन राज्यातील आमच्या विरोक्वा गावी एका तांब्याच्या कड्याने मनुष्याच्या पायांत चाळीस वॉट कसे भरले, आणि तेच कडे माझ्या मित्राच्या जिवावर कसे उठले होते, ते मी येथे यथामति निवेदन करणार आहे. मी नववीत शाळा सोडली व एकतीस वर्षे चीजच्या कारखान्यात घालवली. तथापि दहा पौंड म्हणजे किती, हे मला पक्के ठाऊक आहे, आणि या कथेस तेवढे ज्ञान पुरते.

शनिवारी सकाळी बेकरीसमोर चाळीस सायकलस्वार जमले होते. आमच्या मंडळाचा दंडक असा की, ज्याच्या पेडलमधून सलग दोनशे वॉट निघतात त्याने पुढच्या घोळक्यात जावे आणि इतरांनी मागे, गप्पिष्टांच्या संगतीत. शर्यतीत उतरायचे तर अडीचशेच्या आत कुणी विचारीत नाही. त्यामुळे आमच्यात माणसाची प्रकृती नव्हे, आकडा विचारतात.

टपाल वाटणाऱ्या व्हर्लिनचा आकडा मागल्या शनिवारी कोच डुएन प्रुइट यांनी आपल्या ठाणबंद, जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर मोजला होता. एकशे सत्तर! बिचारा पाणावल्या डोळ्यांनी मागे गेला. आज त्याच्या मनगटात कोचांकडून विकत घेतलेले तांब्याचे कडे होते.

"तुमच्या घरातल्या तारा कशाच्या?" कोच गर्जले. "तांब्याच्या! मग पायातली वीज काय सुतळीतून जाणार? मार पेडल, व्हर्लिन!"

व्हर्लिनने मारले. पडद्यावर दोनशे दहा! शिट्ट्या झाल्या. आमचे दंतवैद्य ओरडले, "मला दोन द्या, एकेक पायाला!"

"आणि तू घेतोस ती हृदयाची गोळी," कोच हळूच म्हणाले, "तीच तुझी वीज अडवते. कडं चढलं, गोळी सुटली."

व्हर्लिनने खिशातली डबी काढून कचऱ्याच्या पिंपात टाकली.

"अरे, डॉक्टरला तरी विचार!" मी म्हणालो.

"लॉयल, तू मागच्या घोळक्यातला," व्हर्लिन म्हणाला. "तुला काय कळतंय?"

हे शब्द मला फार लागले. इतक्यात हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या आर्डिस हॉगेनबाई कॉफीचा पेला घेऊन बाहेर आल्या. दंतवैद्य कड्याविना मोजून घेण्यास बसत होते, आणि त्यापूर्वी कोच यंत्र शून्यावर आणीत होते. एका हाताने त्यांनी मागचे चाक रोखले होते; एक पाय पुढच्या पेडलवर ठेवून, डोळे मिटून, त्यांनी बटण दाबले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "लॉयल, तुमच्या पिशवीत काय आहे?"

"चेडर. दहा पौंड. माझ्या हातचं."

बाईंनी चाक तसेच रोखून पिशवी त्या पेडलला टांगली आणि पडद्यावरच्या आकड्यावरून भार काढला. चार पौंड.

"चीज वाळलं वाटतं!" कुणीतरी म्हणाले.

बाईंनी पिशवी काढली, पेडल मोकळे ठेवून यंत्र पुन्हा शून्यावर आणले, पिशवी पुन्हा टांगली. दहा पौंड. मग दंतवैद्यांसाठी काढून ठेवलेले कडे त्यांनी चीजला चढवले. तरी दहाच.

"कोचांच्या बुटाचा सहा पौंडांचा भार यंत्राने शून्य समजला," बाई म्हणाल्या. "मग प्रत्येक माणूस तेवढ्याने, म्हणजे सुमारे चाळीस वॉटांनी, कमी भरला. कडं चढवल्यावर कोच पाय बाजूला घेऊन यंत्र पुन्हा शून्यावर आणतात, एवढाच चमत्कार."

"तो आशीर्वादाचा पाय आहे!" कोच म्हणाले.

"मग तो जमिनीवर ठेवून द्या आशीर्वाद."

व्हर्लिन गोंधळला. "म्हणजे एकशे सत्तर खोटे होते?"

"हो. दोनशे दहा खरे, आणि ते तुमचेच. आज सकाळी गोळी घेतली होतीत?"

"घेतली होती."

"मग ते गोळीसकट निघाले."

व्हर्लिन उठला आणि कोपरापर्यंत हात घालून पिंप धुंडाळू लागला. उष्ट्या डोनटखाली डबी सापडली. ती पुसून त्याने खिशात घातली आणि मला म्हणाला, "लॉयल, मघाशी बोललो ते चुकलंच रे." त्या दिवशी तो पुढच्या घोळक्यात गेला. कोच प्रुइट यांस अकस्मात दुसऱ्या गावचे निमंत्रण आठवले. दंतवैद्य कडे अजून घालतात, म्हणतात, शोभते.

वाचकहो, आकडा दिसला की मान तुकवू नका. तो मोजताना पाय कुणाचा आणि कुठे होता, हे आधी विचारा. आणि औषध डॉक्टरांखेरीज कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका. येथवर वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

लॉयल टॉलेफसन, चीज कारागीर, मागचा घोळका