चाळीस गटप्रमुख

संप सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती. काही गिरण्या पुन्हा चालू झाल्या, पण तोवर आमच्या गावची निम्मी माणसं बिऱ्हाडं मोडून कोकणात परतली होती. त्यांच्याबरोबर मुलंही गेली. परळच्या शाळेत आठवी झालेल्या मुलांनी गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेत काय करायचं? नुसती बसून होती. म्हणून मुंबईच्या आमच्या ग्रामस्थ मंडळाने ठरवलं, मे महिन्यात देवळाच्या सभामंडपात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचं दहा दिवसांचं शिबिर घ्यायचं. चारचौघांत बोलणं, सभा चालवणं, गावाचं एखादं काम अंगावर घेऊन पुरं करणं, हे शिकवायचं. नाव ठेवलं नेतृत्व शिबिर.

माझा भाऊ हरेश्वर असाच परतलेला. त्याची गुणवंती चौदा वर्षांची. तिचं पत्र आलं होतं. "आत्या, तालुक्याचे हेडमास्तर शिबिरातल्या दोघांना वसतिगृहात ठेवून शिकवणार आहेत. मंडळ गटप्रमुखांमधूनच दोन नावं देणार म्हणे. मला गटप्रमुख कर ना. नाहीतर बाबा म्हणतात, पुढच्या वर्षी स्थळं बघू."

रोज पूजा आटोपली की पोथीचा एक अध्याय वाचायचा, हा माझा नेम. सभेच्या रविवारी डोळे ओळींवरून जात होते, मनात काही उतरत नव्हतं. तोच अध्याय पुन्हा वाचला आणि ह्यांच्याबरोबर लालबागला गेले.

सभा गावकीच्या खोलीत होती. त्या एका खोलीत गावची बावीस माणसं राहायची. सभेला बायका सहसा नसत, पण शिबिराचं जेवण आमचं भजनी मंडळ सांभाळणार होतं, म्हणून मला बोलावलं होतं. मी दाराशी बसले.

मंडळाचे अध्यक्ष तात्या गावकर. त्यांनी चष्मा पुसला आणि यादी वाचायला घेतली. चार गट, प्रत्येक गटात दहा मुलं. "पयल्या गटाचो प्रमुख, पालखीचो पयलो खांदो ज्यांचो त्या घरातलो. दुसरो, नारळाचो मान ज्यांचो त्यांचो. तिसरो निशाणवाल्यांचो, चवथो ढोलवाल्यांचो."

शिमग्याला देवीसमोर जो क्रम लागतो, तोच क्रम. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही क्षणभर वाटलं नाही, इतका तो कानांना सवयीचा. मग ध्यानात आलं, हरेश्वरच्या घराला कसलाच मान नाही. आणि मुलींना तर कुठल्याच घरात नाही.

चिटणीस रमाकांत बँकेत कारकून होता. तो म्हणाला, "तात्या, निशाणवाल्यांचा पोरगा अजून आईचा पदर सोडत नाही. तो सभा चालवणार?"

"शिकात! मान डावललो तर सभामंडपाची चावी कोण देतलो? तू?"

मी म्हटलं, "तात्या, एक विचारू का?" कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं.

"वयनी, जरा मोठ्यान," तात्या म्हणाले. "देवाशी बोलतास तसा आमच्याशी नको."

सगळे हसले. मी आवाज चढवला. "ह्या खोलीतली मोरी धुवायची पाळी कशी लावता?"

"कशी म्हणजे? भिंतीर कागद आसा. नंबरान."

"त्यात पालखीवाले वगळलेत का?"

"छे! कोणाक सूट नाय."

"आज कोणाचा नंबर?"

कोपऱ्यातून खोलीतलाच दगडू ओरडला, "तात्यांचा! सकाळी लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून ब्रश मारत होते!" मग मात्र कोणाला हसू आवरेना. तात्यांचे कान लाल झाले, पण तेही हसले.

"मुंबय वेगळी, गाव वेगळो, वयनी."

"संपात गाव इथेच एका टोपातलं जेवत होतं," हे म्हणाले. एरवी सभेत हे तोंड उघडत नाहीत.

मी तात्यांना म्हटलं, "पहिल्या दिवशी देवीला सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान ज्याचा त्यालाच राहू दे. देवळातलं देवीचं आहे, त्याला मी कशी हात लावीन? पण शिबिराला ह्या खोलीसारखे नंबर लावा."

तात्यांनी यादी दुमडून खिशात घातली. "चावी मी आणतंय. गावाक मी समजावतंय."

रमाकांतने लगेच हिशोब मांडला. "चार गट, दहा दिवस. प्रत्येक जण एकेक दिवस गटप्रमुख. चाळीसच्या चाळीस!"

"मग हेडमास्तरांक नावां कोणाची देवची?" तात्यांनी विचारलं.

मागायला आले होते एक जागा, आणि मीच तिच्या चाळीस केल्या होत्या. शेवटी ठरलं, दहाव्या दिवशी हेडमास्तर स्वतः येतील, मुलांचं काम बघतील, त्यांच्याशी बोलतील आणि दोघांना निवडतील.

सभा उठली. रमाकांत वही घेऊन माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "वहिनी, हरेश्वरची मुलगी तुमची भाची ना? तिला दहावा दिवस टाकतो. हेडमास्तरांच्या डोळ्यांसमोर राहील."

त्याची पेन्सिल कागदावर टेकली होती. नको म्हणायला मी उशीर केला, हे खरं आहे. गुणवंतीचं अक्षर डोळ्यांपुढे होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"चिठ्ठ्या टाका," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाका, रमाकांत भाऊजी."

चिठ्ठ्या तिथेच टाकल्या. गुणवंतीला पहिला दिवस आला. त्या दिवशी कोणी कोणाचं ऐकत नसेल, काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसेल, आणि हेडमास्तर नऊ दिवस दूर असतील.

सोमवारी अध्याय वाचून झाल्यावर पत्र लिहायला बसले. लिहिलं, "तुझा दिवस पहिला आहे. हेडमास्तर दहाव्या दिवशी येणार." ते खोडलं. पोरीचा धीर सुटेल. मग नवा कागद घेतला आणि तेच पुन्हा लिहिलं. खाली लिहिलं, "तुला दहावा दिवस मिळत होता. मी नको म्हटलं. रागावलीस तरी मला पत्र लिही."