बुडाखालची चप्पल

मी एक जुना बिडाचा पाइप आहे. राहतो कुठे, ते सांगितलं की तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच मुरडून घ्या. मी कमोडच्या खाली, जमिनीत राहतो. घरातलं जे कुणालाच नको असतं, ते सगळं मी निमूटपणे वाहून नेतो. कधी कुणी शाबासकी दिली नाही. असो!

मित्रांनो, माझं दुखणं जन्मापासूनचं. मला बसवलं तेव्हा माझ्याभोवती वीतभर खड्डा उरला होता. तो काँक्रीटनं ठासून भरायला हवा होता. पण गवंड्याला घरी जायची घाई. त्यानं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबल्या, विटांचे तुकडे टाकले, वर एक तुटकी चप्पलही दडपली आणि दोन बोटं गिलावा फिरवून फरशी गुळगुळीत केली. सगळे म्हणाले, "वा, काय सफाई आहे!" मी आतून ओरडत होतो, पण पाइपाचं कोण ऐकतं?

तीस वर्षांनी गिलाव्याला तडे गेले आणि कमोड डुलू लागला. घरातल्या कर्त्या मुलानं फटीत पांढरं सिमेंट भरलं आणि हात झटकले. "आता हलायचं नाव घेणार नाही!" महिन्याभरात तो पुन्हा डुलला, मुलानं पुन्हा सिमेंट भरलं. असं तीनदा झालं. खालची पोकळी तशीच!

त्याचे वडील म्हणजे या घरातले आजोबा. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आता गुडघ्यांनी दगा दिलेला. पूर्वी दिवसातून सहा-सात वेळा यायचे, मग दोनदाच येऊ लागले. आणि मग एक वेगळीच गोष्ट घडू लागली. सूनबाई रोज त्यांच्या उशाशी पिण्याच्या पाण्याची बाटली भरून ठेवायची, आणि ते सगळं पाणी माझ्यात येऊन पडायचं. अगदी स्वच्छ, थेंबही न प्यायलेलं. हे गुपित फक्त मलाच ठाऊक होतं.

शेवटी आजोबा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, "शरीरात पाणीच नाही. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल."

"अहो, रोज बाटली रिकामी होते की!" सूनबाई चक्रावली.

दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांना बाटली ओतताना पकडलं.

"बाबा! हे काय?"

आजोबा ओशाळले. "अगं, बसलं की गाडी दरीत चालल्यासारखी वाटते. कमी प्यायलं की कमी यावं लागतं."

सूनबाईला रडू आलं. नवऱ्याला म्हणाली, "तुमचं ते पांढरं सिमेंट पुरे झालं! मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री आले. कमोड उचलून बाजूला ठेवला आणि हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकली. बद्द! "आत पोकळ आहे सगळं," ते म्हणाले. मला वाटलं, या माणसाला मिठी मारावी.

फरशी फुटली. गोण्या निघाल्या, विटा निघाल्या, मग चप्पल.

"तरीच!" आजोबा म्हणाले. "चपलेवर बसवलं होतं होय मला इतके दिवस!" सगळे पोट धरून हसले. मुलगा मात्र मान खाली घालून हसला.

मिस्त्रींनी खड्डा साफ केला, कडा भिजवल्या आणि माझ्याभोवती काँक्रीट सळईनं ठासून भरलं. वर ओलं पोतं टाकलं. चार दिवस आजोबा शेजाऱ्यांकडे जात होते. पाचव्या दिवशी कमोड बसला, आणि आजोबा भिंतीला धरून त्यावर टेकले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. मी श्वास रोखून होतो.

"हलत नाही गं!" आतूनच ते ओरडले. बाहेर सूनबाईचा जीव भांड्यात पडला आणि खाली माझाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातलं म्हातारं माणूस 'तहान नाही' म्हणालं, तर त्याच्या पायाखालची जमीन एकदा ठोकून बघा. वरून गिलावा फिरवू नका.

आता आजोबा दिवसातून सात वेळा येतात. आणि बाटलीतलं स्वच्छ पाणी माझ्याकडे येतच नाही.