डोलीतून शाळा आली

मित्रांनो, या, जवळ या. हात लावलात तरी चालेल. मी एक जुनी डोली आहे. नवरीची नटवलेली नव्हे हं, डोंगरातली. एक पिकलेला बांबू आणि त्याला झोळीसारखं बांधलेलं जाड घोंगडं, एवढाच माझा थाट. पण एक दिवस मी अशी काही मिरवले आहे, की तो आठवला तर अजूनही माझा बांबू करकरायला लागतो!

आमची वाडी आंबेमाळ. चौकच्या बाजारात उभं राहून मान वर केली की जो डोंगर दिसतो, त्याच्या खांद्यावर ती बसली आहे. वाडीला रस्ता नव्हता, होती फक्त पायवाट. वाडीतल्या जुन्याजाणत्या भिवाजीबुवांनी बांबूच्या बेटात एकेका बांबूला टिचकी मारली, कान लावला, आणि माझ्यापाशी थांबून म्हणाले, "ह्यो मोडायचा नाय." मग किडू नये म्हणून मला चुलीच्या वर, धुरात ठेवलं. माझ्याबरोबरचे बांबू लग्नाच्या मांडवाला गेले. मी आपली धूर खात विचार करायची, माझंच काय चुकलं?

पुढे कळलं. कोणाला साप चावला, कोणी झाडावरून पडलं, कोणी बाळंतपणात अडली, की मला हाक. चार जण खांदा देत, आणि मी हिंदकळत डोंगर उतरून दवाखान्यात. माणूस बरा झाला की म्हणायचा, "डोली व्हती म्हणून वाचलो." असं कौतुक! पण घरी परतले की मला मागच्या भिंतीला टांगत. पोरं शिवायला आली तर आया ओरडत, "नको रं, डोली हाय ती!" सणाच्या दिवशी तर माझ्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही. वाईट वाटायचं, पण मी समजून घ्यायची. कारण आमच्या वाडीचा एक रिवाज होता. बरा झालेला माणूस कितीही थकला तरी डोंगर पायीच चढायचा. डोलीत निजून वर यायचा तो फक्त गेलेला माणूस.

हे नीट लक्षात ठेवा हं, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला.

एकोणीसशे साठ साल सरून गेलं होतं. वाडीला शाळा मंजूर झाली. केवढा आनंद! पण एक मास्तर आले, पायथ्याशी उभे राहिले, वर बघितलं आणि परत गेले. दुसऱ्यांचंही तेच. मग निरोप आला, या खेपेला कोणी हजर झालं नाही तर शाळा खालच्या गावाला जाईल. ते ऐकून जनाचा जीव उडाला. जना म्हणजे मला नेहमी खांदा देणाऱ्या पदूची बायको. एकदा तापलेल्या लेकीला, शकूला घेऊन ती कर्जतला निघाली होती. पाटी वाचता येईना, बसली भलत्याच एस्टीत, आणि पोचली पनवेलला! तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं, माझी शकू पाटी वाचणार.

भातझोडणीचे दिवस होते. वाडीतल्या गोमाची म्हातारी आई अंबाबाई पोटात कळा येऊन लोळायला लागली. मला काढलं. पदू, गोमा आणि भावकीतले दोघे खांद्याला, सोबतीला जना. रात्र दवाखान्याच्या ओसरीवर गेली. सुई टोचली, औषध दिलं आणि सकाळी म्हातारी चहा मागायला लागली!

परत निघालो तर एस्टीच्या थांब्यावर एक बाई बसलेली. शेजारी ट्रंक, मांडीवर तान्हं बाळ. तिची नजर आमच्याच डोंगरावर. जना थबकली.

"तुमी शाळंच्या बाई का?"

"होते," ती म्हणाली. नाव विमलबाई. "आता परत चाललेय. अजून अंगात ताकद नाही हो माझ्या. या पिल्लाला घेऊन हा डोंगर कशी चढू?"

 तेवढ्यात पायथ्यापर्यंत म्हणून माझ्यात निजलेली अंबाबाई उठून बसली.

"उतरवा रं मला. तिला बसवा."

"आये, हितनंच चालायला तुला झेपंल का?" गोमा म्हणाला.

"तुझ्या बापाशी चाळीस वर्सं झेपलं, डोंगराचं काय घेऊन बसलास? काठी दे."

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! आजवर मी दुखणी खाली नेली होती. आज मी शाळा वर नेत होते! विमलबाई माझ्यात निजल्या, बाळ कुशीत. ऊन लागू नये म्हणून पदूने आपलं पांढरं उपरणं वरून अंथरलं. ट्रंक जनाच्या डोक्यावर. अंबाबाई मागून बसत उठत येत होती. आणि त्या आनंदात रिवाज कोणाच्या म्हणून ध्यानात आला नाही!

वाडी दिसायला लागली. खळ्यावरच्या बायकांनी वर मान केली. त्यांना दिसलं ते एवढंच: डोली येतेय, भरलेली, वरून पांढरं अंथरलेलं, आणि अंबाबाई कुठेच नाही.

पहिला गळा काढला सोनुबाईने. बांधावरून जन्मभर अंबाबाईशी भांडलेली ही शेजारीण पुढे धावली. "अगं अंबे, मला सोडून कशी गेलीस गं! तुझ्यासारखी भाकर वाडीत कोणाच्या हाताला नाय गं! बांध तुझाच व्हता गं, मीच सरकवला!"

मागोमाग सगळ्या बायका. पदू ओरडतोय, "अगं थांबा, ऐका तरी!" पण ऐकतंय कोण? मी खाली टेकले. आतमध्ये विमलबाईंनी बाळाला घट्ट धरलं. आणि मग त्या कालव्याने बाळ जागं झालं. त्याने असा काही टाहो फोडला की अख्ख्या वाडीचं रडणं फिकं पडलं!

सोनुबाईचं रडणं तिथेच थांबलं. उपरणं बाजूला झालं. आत एक घाबरलेली बाई, आणि लालबुंद झालेलं बाळ.

"बोल की पुढं," मागून आवाज आला. काठी टेकत अंबाबाई उभी. "बांधाचं काय म्हणत व्हतीस?"

"मेलीच नाय व्हय गं तू!" सोनुबाई किंचाळली आणि तिच्याच गळ्यात पडली.

विमलबाई आधी बघतच राहिल्या, मग हसायला लागल्या. पण बाळ काही थांबेना. तेव्हा रडणाऱ्या बायकाच त्याला गप्प करायला धावल्या. एकीने टाळूला तेल घातलं, दुसरीने पदराने वारा घातला. शेवटी सोनुबाईच्या मांडीवर ते झोपलं.

विमलबाईंचं हसू मात्र तोवर ओसरलं होतं. झोपलेल्या बाळाकडे बघत त्यांनी विचारलं, "इथे दवाखाना नाही ना?"

 जनाने एकदा शकूकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "नाय बाई. दुकान बी नाय. बाळाला बरं नसलं तर ही डोली, आनि आमी."

"पावसात?"

"पावसात बी."

"मध्यरात्री उठवलं तर?"

"उठवायला कशाला लागतंय?" गोमा म्हणाला. "पोर रडलं की समद्या वाडीला ऐकू येतंय. आताच बघितलंत की!"

 विमलबाईंनी ट्रंक उघडली आणि खडूचा डबा बाहेर काढला. "उद्यापासून मुलं पाठवा."

"उद्या कशाला?" जना म्हणाली. शकू कधीच मांडी घालून बाईंसमोर बसली होती. काळी पाटी नव्हतीच. बाईंनी खळ्याशेजारच्या कातळावर पहिलं अक्षर काढलं, आणि शकूच्या मागे उभी राहून जनाही ते बोटाने हवेत गिरवायला लागली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले. माझ्या घोंगड्याला कसर लागली आहे. अधूनमधून उन्हात घालत जा. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुमच्या गावाला कोणी शिकवायला येईल, कोणी औषध घेऊन येईल. पायथ्याशी उभं राहून वर बघेल आणि मागे वळायला लागेल. तेव्हा त्याला भित्रा म्हणू नका. खाली उतरा, आणि त्याला खांदा द्या.